माशीकडे बघ

हिंगोलीत कुणाला घराचा पत्ता विचारला की उत्तरात एक जुनी फौज भेटते. कोणी तोफखान्यात राहतो, कोणी रिसाला बाजारात, कोणी पलटनला, कोणी पेन्शनपुऱ्यात. निजामाच्या राज्यात इथे हैदराबाद कॉन्टिन्जंटची छावणी होती. छावणी उठली, नावे तेवढी राहिली. आता तोफखान्यात तोफ नाही आणि रिसाल्यात घोडा नाही. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ मात्र याच गावात आहे, त्यामुळे बंदूक ही वस्तू इथल्या माणसाला सिनेमातच बघावी लागते असे नाही. मी ती पहिल्यांदा हातात घेतली कॉलेजात असताना, एनसीसीत. पॉइंट टू-टूची रायफल, पंचवीस यार्डांवर कागदी निशाण, पोटाखाली ताडपत्री आणि वाट्याला गोळ्या पाच.

आम्ही ओळीने पालथे पडलो होतो. उस्ताद मागून ओरडले, ‘शिस्त लो!’ आम्ही मराठी पोरे. शिस्त म्हटल्यावर पडल्या पडल्या माना ताठ केल्या, पाय जुळवले, एकाने तर पालथ्यानेच सावधान केले. उस्ताद हसले नाहीत. प्रत्येक वर्षी हे होत असावे. फौजेच्या हिंदीत शिस्त म्हणजे नेम, हे तेव्हा कळले.

पुढे केव्हातरी शब्दाचे मूळ पाहिले. फारसीत शस्त म्हणजे अंगठा, आणि धनुष्याची दोरी ओढताना अंगठ्यात चढवायची अंगठीसुद्धा. अंगठीवरून शब्द नेमाकडे आला. जुन्या मराठीतही ‘शिस्त धरणे’ म्हणजे नेम धरणेच होते. मग तो हळूहळू कवायतीत गेला, तिथून शाळेत, शाळेतून घरात, आणि आज त्याला आपली अंगठी आठवत नाही. गंमत अशी की आपला दुसरा शब्दही याच वाटेवर भेटतो. नेम धरायचा, आणि नेमाने उठायचेही. नेम चुकतो तो गोट्या खेळताना, तसाच एकादशीलाही. एका भाषेने निशाण साधण्यासाठी दोन शब्द वापरले आणि दोन्हींचा अर्थ रोजच्या रोज तेच करणे असाही ठेवला. हा योगायोग असेल. पण नेमबाजी म्हणजे काय हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा या योगायोगाने जास्त सांगितले आहे.

त्या दिवशीचेच घ्या. माझ्या शेजारच्याची एक गोळी बरोबर काळ्याच्या मध्यात लागली होती, बाकीच्या चार कागदभर चार दिशांना. तो खुशीत. माझ्या पाचही गोळ्या डाव्या वरच्या कोपऱ्याकडे, मध्यापासून चांगल्या चार बोटे लांब, पण एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशा. मी खाली मान घालून उभा. उस्तादांनी दोन्ही कागद शेजारी धरले आणि माझा वर उचलला. त्याच्या मध्यातल्या गोळीबद्दल ते म्हणाले, ‘ये तो आ गयी.’ आली, आणली नाही. विखुरलेल्या माऱ्यावर इलाज नाही. एका जागी पडणारा मारा चुकीच्या जागी पडत असला तरी साइटचे दोन-चार खटके फिरवले की मध्यात येतो. ग्रुप आधी, मध्य नंतर. चूक प्रत्येक वेळी तीच झाली पाहिजे, मग ती दुरुस्त करता येते. रोज नवी चूक करणाऱ्याला काय सांगणार?

स्पर्धेतल्या नेमबाजीत हे प्रकरण कुठवर जाते ते पाहिले की चक्कर येते. दहा मीटर एअर रायफलच्या निशाणावर दहा गुणांचे वर्तुळ हे वर्तुळ नसतेच, अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे लक्ष्यापेक्षा बाणच नऊपट मोठा. छऱ्याच्या भोकाची कड ठिपक्याला नुसती चाटली तरी दहा मिळतात, पण आता गुण दशांशात मोजतात आणि पुरता मध्य साधला तर १०.९. असे साठ नेम, पंचाहत्तर मिनिटांत. मी एकदा वहीत हिशेब मांडला. मागच्या आणि पुढच्या साइटमध्ये ऐंशी सेंटीमीटर अंतर धरले, तर नळीच्या टोकाची माशी जागेवरून एक पंचमांश मिलिमीटर सरकली की दहा गेले. दोन केसांची जाडी. आणि हे उभ्याने, पाच किलोच्या आसपासची रायफल हातात घेऊन, छातीत मिनिटाला सत्तर-ऐंशी ठोके पडत असताना.

यंत्राकडून होण्यासारखे ते बहुतेक झालेले आहे. चांगली रायफल शिकंज्यात आवळून वेगवेगळ्या घाण्यांच्या गोळ्या मारून बघतात, त्या नळीला कुठला लॉट मानवतो ते ठरवतात आणि तोच विकत घेतात. नळ्यांच्याही आवडीनिवडी असतात. शिकंज्यातली रायफल भोकात भोक पाडते. म्हणजे कागदावर जे विखुरलेले दिसते ते माणसाचे असते. त्याच्या श्वासाचे, खांद्याचे, आणि बऱ्याच वेळा त्याच्या इच्छेचे.

इच्छेचे म्हणतो, कारण इथेच आपल्याला लहानपणी सांगितलेली गोष्ट आडवी येते. द्रोणाचार्य, झाडावरचा पक्षी, आणि अर्जुनाला दिसलेला फक्त डोळा. एकाग्रतेची म्हणून ती गोष्ट प्रत्येक मास्तरने सांगितली आहे. रायफलच्या बाबतीत ती दिशाभूल करते. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्वच्छ बघू शकतो. माशी स्वच्छ ठेवली तर निशाण धूसर होते, निशाण स्वच्छ बघितले तर माशी विरघळते. आणि नवा माणूस हमखास निशाणच बघतो, कारण त्याला ते हवे असते. उस्तादांचा सगळा जन्म ‘माशीकडे बघ, निशाण धूसर राहू दे’ हे सांगण्यात गेला असणार. निशाण थोडे धूसर दिसल्याने फार बिघडत नाही. माशी केसभर चुकली तर सगळे बिघडते. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा पाखरांच्या थव्याकडेच बघतो, दगडाकडे नाही, हे खरे. पण गोफणीला माशी नसते. जिथे हातातल्या साधनालाच माशी आहे तिथे नजर घरी परत आणावी लागते. त्यापेक्षा कथाकीर्तनातला मत्स्यवेध मला जवळचा वाटतो. मासा वर फिरतोय आणि अर्जुन खाली पाण्यात बघतोय.

शरीराचेही तसेच. हौशी माणूस रायफल ओढून निशाणावर आणतो आणि स्नायूंच्या जोरावर तिथे धरून ठेवतो. स्नायू थकतात, थरथरतात. शिकलेला नेमबाज रायफल हाडांवर ठेवतो. उभ्याने मारताना डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकलेले असते. मग तो डोळे मिटतो, दोन श्वास घेतो, अंग सैल सोडतो आणि डोळे उघडून बघतो की नळी आपण होऊन कुठे स्थिरावली आहे. निशाणाच्या उजवीकडे असेल तर हाताने डावीकडे खेचायची नाही. पाय सरकवायचे. सगळे शरीर हलवायचे आणि पुन्हा डोळे मिटून विचारायचे. औंढ्याला नामदेवांसाठी देऊळच फिरले असे सांगतात. रेंजवर तेवढी भक्ती कुणाची फळत नाही, आपल्यालाच फिरावे लागते.

श्वास अर्धा-पाऊण सोडला की पुढचा घेण्याआधी एक पोकळी येते, काही सेकंदांची. त्या पोकळीत चाप दाबायचा, तोही असा की केव्हा सुटला हे आपल्यालाही आधी कळू नये. ‘आत्ता!’ असे मनात म्हटले की बोट झटका देते. पोकळी संपत आली आणि नेम जुळला नाही तर रायफल खाली घ्यायची. हे खाली घेणे फार अवघड असते. उचललेली बंदूक मारल्याशिवाय ठेवायला मन तयार होत नाही. सरावाचा मोठा भाग तर रिकाम्या रायफलीवर चालतो. गोळी नाही, आवाज नाही, भोक नाही. नुसते उचलणे, श्वास, चाप, थांबणे. शंभरदा, दोनशेदा. बघणाऱ्याला वाटेल, माळ ओढतोय.

नर्सी हिंगोलीपासून जवळच. नामदेवांचे जन्मगाव म्हणून ती ओळखली जाते. त्यांची जी पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत त्यांत रामकली रागातले एक पद आहे, आणि मला ते नेमबाजांचे पद वाटते. पतंग उडवणारा मुलगा मित्रांशी गप्पा मारतोय, चित्त मात्र दोरीत. पाण्याला गेलेल्या पोरी हसत-खिदळत येताहेत, चित्त डोक्यावरच्या घागरीत. गाय पाच कोसांवर चरतेय, चित्त वासरात. आई घरभर कामात, चित्त पाळण्यात. मन नामात कसे जडले हे सांगायला त्यांनी जो शब्द घेतला आहे तोही वेधाचाच. मला खुणावते ती पतंगाची दोरी. पोराचे लक्ष आभाळातल्या कागदात नाही, बोटाला काचणाऱ्या दोरीत आहे. आणि गप्पा बंद करा असे नामदेव म्हणत नाहीत. शिंप्याच्या घरात वाढलेल्या माणसाला ठाऊक असणार की सुई चालते ती बोलता बोलताच, फक्त टाका सारखा पडला पाहिजे.

महाराष्ट्राने या खेळात जे मिळवले त्यातही ही टाक्याची चाल दिसते. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथे पडून मारण्याच्या प्रकारात, जगज्जेती झाली ती ६०० पैकी ५९७ गुणांनी. साठ गोळ्यांत तीन गुण सांडले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होता. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या पन्नास मीटर थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत तो सातव्या क्रमांकाने पोचला होता. आधी गुडघ्यावर, मग पालथे, शेवटी उभ्याने. सुरुवातीला तो मागे होता. पुढे गेला तो कुठल्या एका चमत्कारी गोळीने नव्हे, तर शेजारच्यांच्या गोळ्या विस्कटत असताना त्याच्या तशाच पडत राहिल्या म्हणून. ४५१.४ गुण आणि कांस्य. या प्रकारात भारताचे पहिले ऑलिंपिक पदक. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः ऑलिंपिक खेळलेल्या. अभिनव बिंद्राची गोष्ट याला जोडूनच आठवते. अथेन्सच्या अंतिम फेरीत त्याच्या पायाखालची फरशी हलत होती हे त्याला नंतर कळले. मग घरच्या रेंजवर त्याने तशीच हलती फरशी बसवून सराव केला. २००८ ला बीजिंगमध्ये शेवटची गोळी १०.८. हलत्या फरशीचा नेम केला, हेही नेमानेच.

आणि मॅथ्यू एमन्स. अमेरिकेचा हा नेमबाज २००४ ला अथेन्समध्ये थ्री पोझिशनच्या शेवटच्या गोळीपर्यंत आरामात पुढे होता. कशीबशी लागली असती तरी सुवर्ण त्याचेच होते. गोळी लागली, पण शेजारच्या निशाणावर. शून्य गुण, आठवा क्रमांक. चार वर्षांनी बीजिंगमध्ये पुन्हा आघाडी, पुन्हा शेवटची गोळी. रायफल वरून मध्याकडे उतरवता उतरवताच बोट चापाला लागले आणि ४.४ गुण. या माणसाला नेम येत नव्हता असे कोण म्हणेल? इतरांना दिलासा म्हणून त्याची गोष्ट सांगतात. मला ती ऐकताना पोटात खड्डा पडतो.

गोळी सुटल्यावरही काम संपत नाही, हे शेवटचे आणि सगळ्यात नावडते. चाप दबला तरी गोळी नळीतून बाहेर पडायला काही क्षण-शकले लागतात, एअर रायफलचा मंद छर्रा तर जास्तच रेंगाळतो. तेवढ्यात अंग सैल झाले, गाल दस्त्यावरून उठला, तर झालेला नेम मोडतो. म्हणून मारल्यानंतरही दोन-तीन श्वास तसेच पडून राहायचे, माशी बघत, जणू अजून मारलेच नाही.

त्या दिवसाचा कागद माझ्याकडे आहे, एका जाड पुस्तकात. पिवळा पडलाय. खिडकीशी उजेडात धरला की चार भोके एकमेकांत मिसळून एकच ओबडधोबड खिंडार झालेले दिसते आणि पाचवे, नाण्याच्या कडेशी, जरासे सुटे. पाचवे शेवटचे होते. कुठे लागली ते बघायला मी मान वर केली होती.