दाव्याला बांधलं की

गोचिडाची बाटली जनावरांच्या दुकानातून आणली की तिला आपण औषध म्हणतो, नि तसलीच बाटली कपाशीसाठी आणली की विष म्हणतो. आत पुष्कळदा एकाच जातीचा माल असतो. सायपरमेथ्रीन बोंडअळीवरही चालतं नि गोचिडावरही. बाटलीला काही कळत नाही. गोचीड कोणता नि वासरू कोणतं, हे ओळखायचं काम तिनं आपल्यावर सोडलेलं असतं.

आमच्या बालाघाटाच्या पट्ट्यात, सिंदफणेच्या अंगाला, ऊसतोडीची माणसं पाडव्याच्या आगंमागं घरी येतात. त्यांच्याबरोबर बैल येतात, नि बैलांबरोबर बारा गावचे गोचीड. जांघेत, कानात, पोळीला, शेपटीच्या बुडाशी. कुणीही मग बैलाकडंच बघतो. फवारा बैलावर, धुणं बैलाचं. पण फुगलेली मादी अंगावरून गळून पडते, भिंतीच्या भेगेत शिरते, तिथं दोन-तीन हजार अंडी घालते नि मरते. बैल साफ दिसतो नि भिंत भरलेली असते. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तेच. मग माणूस चिडून औषधाचं माप वाढवतो. लिटरला सांगितलं त्याच्या दुप्पट. गोचीड अंगावर कमी नि भेगेत जास्त, हे त्याच्या ध्यानात येत नाही, नि वाढीव विष जातं ते बैलाच्या कातड्यातून बैलाच्याच अंगात.

हे सगळं मला नव्यानं आठवलं ते एका सापापायी.

पुतण्याचा मुलगा पुण्यात असतो. त्यानं परदेशी जातीचा साप पाळलाय, बॉल पायथन म्हणतात. आपल्याकडचा नाग, धामण पाळणं 1972 च्या कायद्यानं गुन्हा आहे. परदेशी जातीची 2024 च्या नियमांनुसार सरकारकडं नोंद करावी लागते, ती त्यानं केलेली. एका रात्री त्याचा फोन आला. "आबा, सापाला माइट झालेत. खसखशीएवढे काळे, डोळ्याच्या कडंला नि हनुवटीखाली. दिवसभर पाण्याच्या भांड्यातच बसून राहतो. तुमचं बैलाचं औषध चालंल का?"

मी म्हणलं, "बैल चारशे किलोचा. तुझा साप किती?"

"दीड किलो."

"मग माझ्या अंदाजानं त्याच्या अंगावर काही टाकू नको. साप बघणारा डॉक्टर गाठ."

त्यानं गाठला. डॉक्टरनं त्याला जे सांगितलं ते त्यानं मला सांगितलं, नि ते ऐकून मला आमच्या गोठ्याची भिंतच दिसाय लागली. माइट म्हणजे गोचिडाचाच बारीक भाऊबंद. रक्त सापाचं पितो, पण अंडी पेटीच्या सांदीत, लाकडाच्या फटीत घालतो. म्हणून आधी आतला भुसा पिशवीत बांधून बाहेर, लाकूड बाहेर, पेटी कढत पाण्यानं घासून कोरडी. खाली साधा पांढरा कागद, म्हणजे काळा ठिपका लगेच दिसतो. साप कोमट पाण्यात, डोकं वर राहील एवढ्याच उंचीच्या, नि माणूस समोर बसलेला. औषध मारायचं ते डॉक्टरनं दिलेलंच, साप बाहेर असताना, मोकळ्या पेटीला. पाण्याचं भांडं आधी काढून घ्यायचं, कारण साप त्याच पाण्यात बसतो नि तेच पितो. पेटी पूर्ण सुकली, वास गेला, की मग साप आत. अंडी उरतातच, म्हणून काही दिवसांनी सगळं पुन्हा. अंगाला द्यायच्या औषधाचं माप सापाला काट्यावर ठेवून. साप थरथरला, उलटा केला तर सुलटा होईना, तर विष चढलं समजायचं नि धुऊन पळायचं. नि घरात कासव असेल तर आयव्हरमेक्टिन त्याच्या वाऱ्यालाही न्यायचं नाही; बैलाला, शेळीला पचणारं हे औषध कासवाला मारतं.

आता माझा प्रश्न. धामणीलाही गोचीड असतात. बांधावरच्या धामणीच्या मानेमागं खवल्यांत चिकटलेले मी पाहिलेत. तिला कोण धुतं? कुणी नाही, नि ती जगते. मग ह्या पुण्याच्या सापालाच एवढं का?

मला वाटतं, फरक जागेचा आहे. धामण चालती. तिच्या अंगावरचा गोचीड गळला तर कुठल्या तरी बोरीखाली गळतो, नि धामण तोवर दोन बांध पलीकडं. त्याच्या पिलांना ती पुन्हा भेटंलच असं नाही. पेटीतल्या सापाला पलीकडंच नाही. माइटची अंडी त्याच्यापासून वीतभर लांब, नि तो उठून जाऊ शकत नाही. दाव्याच्या बैलाचंही तेच. रोग किड्यानं दिला हे खरं, पण वाढवला तो आपल्या खुंट्यानं. म्हणून त्याला साफ करणं ह्याला मी दया म्हणत नाही. ते देणं आहे. चालत्या धामणीचं तसलं काही देणं आपल्यावर नाही; तिला धरून औषध चोळायला जाणारा माणूस तिचा कळवळा नाही, स्वतःची हौस भागवतो.

कुणी म्हणंल, मग पाळूच नये. साप का पाळावा हे मलाही उमगलेलं नाही. पण बैल नि गाय बांधून आयुष्य काढलेल्या माणसानं ते फार जोरात बोलू नये.

माया असली की माप लागत नाही, असं आपल्याला वाटतं. नागपंचमीला नागाला दूध पाजतात. दूध हे सापाचं अन्नच नाही. गारुड्यानं तहानेला ठेवलेला नाग ते पितो नि त्यानंच आजारी पडतो. पाजणारी बाई हात जोडून घरी जाते. तिच्या मनात पाप नव्हतं, म्हणून सापाचं काही कमी बिघडत नाही. डायक्लोफिनॅकचंही तसंच. लंगड्या गाईची कळ थांबावी म्हणून दिलं. गाय मेली, ओढून टाकली, गिधाडांनी खाल्ली नि गिधाडांची मूत्रपिंडं गेली. 2006 मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं तोवर गिधाडं जवळजवळ संपली होती. गाईवर दया करणाऱ्याच्या डोळ्यापुढं गिधाड नव्हतंच. "आम्ही तंबाखूचं पाणी लावतो, देशी आहे," असं म्हणणारेही भेटतात. तंबाखूतलं निकोटीन हेही विषच, गावात पिकलं म्हणून ते सोयरं होत नाही.

सगळ्यात जास्त मला खटकतं ते हे, की गोठ्यात फवारा बहुतेक वेळा मालक मारत नाही. सालगडी मारतो. उघड्या हातानं, तोंडाला काही नाही, वाऱ्याच्या तोंडाला उभा राहून, नि तसाच हात न धुता भाकरीला बसतो. 2017 मध्ये यवतमाळकडं कपाशी फवारताना वीसहून जास्त माणसं गेली. तेव्हा चार दिवस गावोगाव हातमोज्यांची बोलणी झाली. बैलाच्या जिभेला औषध लागू नये म्हणून मुंगसं बांधणारा मालक गड्याला फडकं देत नाही. बैल आपण बांधलाय हे त्याला कळतं. गडी सालानं बांधलाय, हे त्याच्या हिशेबात येत नाही.

आमच्याकडं आता फवारा मी मारतो, नाहीतर थोरला. लांब बाह्यांचा सदरा, रबरी मोजे, वाऱ्याकडं पाठ. गव्हाण नि पाण्याची टाकी झाकलेली, कोंबड्या बाहेर हाकललेल्या. रिकामी बाटली ठेचून खड्ड्यात. पण त्याच्या आधी दोन दिवस भिंतीच्या भेगा शेणामातीनं बुजवायच्या असतात, कोपऱ्यातलं जुनं गवत काढायचं असतं. ते झालं की औषध निम्मं लागतं. गड्याला मी भेगांचं काम देतो.

पोरानं परवा कागदाचा फोटो पाठवला. पाचव्या आठवड्याचा. पांढराफेक आहे, पण डॉक्टरनं अजून महिनाभर भुसा घालू नको म्हणून सांगितलंय.