गुरुजींचं मत

डोंगरकड्यात एक निवृत्त गुरुजी होते. मतं त्यांच्याकडे भरपूर, आणि बहुतेक गावाच्या उलटी. क्रिकेट हा आळशांचा खेळ. चहा उकळला की तो चहा राहत नाही. वर्गात पहिला येणारा पोरगा पुढं कामाचा नसतो. पण सगळ्यात लाडकं मत गाण्याबद्दलचं होतं: जे गाणं शंभर माणसांना एकदम आवडतं त्यात काहीतरी खोट असलीच पाहिजे. हे मत त्यांना जितकं पटलेलं होतं, त्याहून ते एकट्यालाच पटतं याचा आनंद त्यांना अधिक होता. असे लोक प्रत्येक गावात असतात. गावाला त्यांची गरजही असते, हे सांगून ठेवतो, नाहीतर गुरुजी या गोष्टीतले खलनायक वाटायचे.

हळद शिजवायचे दिवस होते. शेताशेतांत कुकर पेटलेले, अंगणात, रस्त्याकडेला पिवळे ढीग वाळत पडलेले. चैत्रातला सप्ताह जवळ आला आणि भजनी मंडळाच्या लक्षात आलं की पेटीचा भाता उंदरांनी कुरतडलाय. पेटी नांदेडला दुरुस्तीला गेली. कधी येईल ते दुकानदार सांगेना.

पेटी वाजवायचे ते आबा, ऐंशीच्या घरातले. त्यांचा नातू नांदेडला कॉलेजात. सुट्टीला आला तो पाठीवर गिटार घेऊन. देवळातल्या बैठकीत तो म्हणाला, ‘‘पेटी नाही आली तर मी साथ करतो.’’

गुरुजी याचीच वाट पाहत बसल्यासारखे उठले. एक तर हे वाद्य परदेशी. दुसरं म्हणजे याच्या मानेवर पडदे ठोकलेले, सूर जागच्या जागी बांधलेले, दोन सुरांमधली जागा यातून निघणार कशी? आणि तिसरं, हे सिनेमाचं वाद्य. ‘‘केसकर साहेब बरोबर होते,’’ ते म्हणाले.

बाळकृष्ण केसकर १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री होते. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा जाणकार. सिनेमाची गाणी लोकांचा कान बिघडवतात असं त्यांचं ठाम मत होतं आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. त्यांना नुसतं हसणं सोपं आहे. रागसंगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाला, संस्थानं बुडाल्यावर उघड्यावर पडलेल्या कित्येक गवयांना रेडिओनं आधार दिला. फसले ते एवढ्यावरच, की बंद केलेलं गाणं लोक ऐकणार नाहीत असं ते समजले. लोकांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. १९५२ च्या अखेरीस तिथं बिनाका गीतमाला सुरू झाली. १९५७ च्या ऑक्टोबरात आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली, तीही केसकर खुर्चीवर असतानाच.

‘‘मी ऐकलंय सिलोन,’’ आबा म्हणाले. ‘‘लहान होतो. हिंगोली जिल्हा कुठला तवा, परभणीच होती. गावात रेडिओ असायचा एखादा. त्याच्या भोवती सगळी आळी. गुरुजी, एक इचारू का? रेडिओवर माझी पेटी बी बंद होती. ठाऊक हाय का?’’

गुरुजींना ठाऊक होतं. १९४० च्या मार्चपासून आकाशवाणीवर हार्मोनियम बंद झाली आणि १९७१ मध्ये ती बंदी सैल होऊ लागली. कारणं थेट गुरुजींचीच: परदेशी वाद्य, बांधलेले सूर, मींड निघत नाही. पॅरिसच्या अलेक्झांडर दबॅं यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पायानं भाता मारायचं ते धूड कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हातभात्याचं केलं, जमिनीवर बसून वाजवता येईल असं. तिथून ती नाटकात गेली, तमाशात गेली, देवळात आली आणि आपल्याला जन्मापासूनची वाटू लागली.

माघार घेणं गुरुजींच्या स्वभावात नव्हतं. ते म्हणाले, ‘‘मग पेटीवरची बंदीही योग्यच होती.’’

‘‘आन् तीस वर्षं माझ्या शेजारी टाळ घेऊन बसायलात, ते काय ऐकायलात?’’

देऊळ हसलं. नातवाला चेव आला. तो म्हणाला, ‘‘गुरुजी खरंच बोलतात आबा, पेटीचे दिवस संपले. २०२२ मध्ये अकाल तख्तानं सांगितलंय, सुवर्णमंदिरातली पेटी हळूहळू काढा आणि तंतुवाद्यं आणा. गिटार तंतुवाद्यच आहे. आणि तसंही पेटीवरच्या तुमच्या चाली सगळ्या सारख्याच लागतात.’’

पोरगा नांदेडात राहतो. गुरुद्वारात कीर्तन ऐकत असणार, आणि गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत हेही त्याला माहीत असणार. नर्सीच्या शिंप्याचे शब्द पंजाबात सहा-सातशे वर्षं गायले जातात ते कुठल्या वाद्यामुळं, हा प्रश्न मात्र त्याला पडला नव्हता.

‘‘वाजव,’’ आबा म्हणाले.

त्यानं वाजवलं. सराव चांगला होता, हात स्वच्छ होता. म्हाताऱ्यांनी भैरवीच्या अंगानं जाणारी चाल धरली आणि पोरानं खाली कॉर्ड दाबल्या. दोन ओळींत काहीतरी बिनसलं. गाणारे कोमल रिषभावर रेंगाळू पाहत होते आणि गिटार त्यांना पुढच्या कॉर्डकडं ओढत होती. शेवटी सगळे पोराच्या मागून चालू लागले. दारात उभ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, एकानं शिट्टीही मारली.

‘‘बघितलं?’’ गुरुजी म्हणाले. ‘‘गिटार वाईट. फारच हौस असेल तर मंडपाच्या मागं बसवा त्याला.’’

‘‘मागं नको गुरुजी,’’ आबा म्हणाले. ‘‘औंढ्याला एकदा गाणाऱ्याला मागं बसवलं, तर देऊळच फिरलं म्हनतेत. आपलं देऊळ जुनं हाय, न्हाई सोसायचं. आन् एक सांगा. गिटार वाईट, हे तुम्ही तिचा आवाज निघायच्या आधी बी म्हनलात. आता ऐकून बी तेच म्हनायलात. मग ऐकून तुम्हाला काय भेटलं?’’

गुरुजी गप्प. आबा नातवाकडं वळले. ‘‘आन् तुला टाळ्या भेटल्या. गाणाऱ्याचं तोंड बघितलंस का तू?’’

सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. सात दिवस, रात्रंदिवस ती कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते. पहारे ठरलेले असतात, एकानं दुसऱ्याच्या गळ्यात घालायची आणि पाया पडायचं. पहाटेच्या पहाऱ्याला माणूस मिळणं सगळ्यात अवघड. कीर्तनाला हजार माणूस येतं, जेवणाला त्याहून जास्त, आणि पहाटे दोन वाजता मंडपात विणेकरी आणि दोन-चार कुत्री. आबांनी दोन ते चारचा तो पहारा गुरुजींना दिला आणि नातवाला त्यांच्याजवळ बसवलं, गिटारीसकट. ‘‘काल्यापर्यंत दोघांनी गिटारीवर बोलायचं न्हाई,’’ एवढीच अट.

पहिल्या रात्री पोरगा हळू आवाजात आपल्याला येत होतं तेच वाजवत बसला आणि कंटाळून थांबला. वीणा चालूच. वीणेला गाणं माहीत नसतं, तिला फक्त षड्ज माहीत असतो, आणि दोन तास तोच ऐकला की त्यातलं काहीबाही सुटं ऐकू येऊ लागतं. पोराला आधी हे ऐकू आलं, की आपली गिटार वीणेशी जुळलेलीच नाही. गुरुजींची वीणा काळी एकमध्ये आणि गिटार जशी दुकानातून आली तशी. त्यानं खुंट्या पिळायला सुरुवात केली. एक तार उतरवली, एक चढवली, पुन्हा उतरवली. हे काम दोन रात्री चाललं. शेवटी सहाही तारा षड्ज आणि पंचमात येऊन बसल्या. आता त्याला येणाऱ्या सगळ्या कॉर्ड निकामी झाल्या होत्या. बोटांना ठाऊक असलेलं काहीच उरलं नव्हतं, म्हणून त्यानं एकाच तारेवर म्हाताऱ्यांची ती चाल शोधायला घेतली.

कोमल रिषभ पडद्यावर सापडला, पण मंडळी घेतात तसा नाही. मंडळी तो वरून ओघळत घेतात. पोरानं तार पडद्यावरच बोटानं आडवी ताणली, सूर वर चढला, मग ताण सोडत तो हळूहळू खाली आणला.

गुरुजींनी मान वळवली. पडदे ठोकलेले आहेत, सूर बांधलेले आहेत, हे ते स्वतः बोलले होते. पेटीला ते लागू होतं, कारण पेटीच्या पट्टीला दाबण्यापलीकडं काही करता येत नाही. तारेला ओढ देता येते. ब्रिजभूषण काबरांनी साठच्या दशकात गिटारीवर राग वाजवले ते तारेवरून सळई घसरवून, आणि विश्वमोहन भट्टांना १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं तेही गिटारीच्याच एका अवतारावर. हे सगळं गुरुजींनी वाचलं होतं. वाचलेलं मतं बनवायला पुरतं, कानाला पुरत नाही. अट आठवून ते काही बोलले नाहीत, पण पोरगा चुकला की वीणेवरचं त्यांचं बोट जरा जोरात पडे आणि पोरगा ते समजे.

काल्याच्या आदल्या दिवशी नांदेडहून पेटी आली. बैठक भरली. आबांनी विचारलं, ‘‘बोला गुरुजी, आता काय मत?’’

गुरुजी उभे राहिले. गिटार राहू द्या, ते म्हणाले, पण कॉर्ड नकोत. कॉर्ड गाणाऱ्याच्या आधीच ठरवून टाकते की इथं हसायचं आणि इथं रडायचं. अभंगाला तशी घाई नसते. एक तार वाजू द्या, बाकीच्या वीणेसारख्या घुमू द्या. परदेशी असण्याचा मुद्दा मी मागं घेतो, तो पेटीसमोर टिकत नाही.

हे कुणालाच आवडलं नाही. म्हाताऱ्यांना गिटार नको होती. पोरांना कॉर्ड हव्या होत्या, एक तार काय ऐकायची? शिट्टी मारणारा पोरगा म्हणाला, ‘‘गुरुजींनी वाजवायच्या आधीच मजा घालवली.’’ आयुष्यभर गुरुजी ज्याच्या शोधात होते ते खरोखरीचं एकट्याचं मत त्यांना आता मिळालं होतं, आणि त्यांचा चेहरा पाहता त्याची गंमत त्यांना अजिबात वाटत नव्हती. पोरांच्या, म्हाताऱ्यांच्या पाठी लागून ते संध्याकाळपर्यंत समजावत होते. पूर्वी त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

काल्याच्या दिवशी पेटी आबांसमोर, गिटार वीणेच्या शेजारी. मंडप भरलेला. आबांनी सूर धरला, म्हाताऱ्यांनी चाल उचलली, आणि दुसऱ्या ओळीला गुरुजींनी टाळ थांबवून हात वर केला.

‘‘काय झालं?’’ आबांनी विचारलं.

‘‘तिसरी तार उतरलीय त्याची. आधी ती चढव म्हणावं.’’

‘‘तिसरी न्हाई गुरुजी, चौथी,’’ पोरगा म्हणाला आणि खुंटी पिळू लागला.

‘‘तिसरी!’’