जमाखर्च मोठ्यानं वाचणारे तात्या

चैत्र लागला की आमच्या जुन्नर-आंबेगावात यात्रांची धांदल उडते. नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच तिथं जाऊन सुपारी ठरवतात. घाटात बैलगाडे पळवायचे तर इनामाची रक्कम उभी करावी लागते. घरटी वर्गणी, मुंबईकर मंडळींची देणगी, मांडव, वाजंत्री, महाप्रसाद! एरवी काटकसरीनं चालणाऱ्या गावाच्या हातून चार दिवसांत बक्कळ पैसा फिरतो. यात्रा पांगते आणि मग पारावर कुजबुज सुरू होते, की पैसा गेला कुठं.

कल्याण-नगर रस्त्यावर आळेफाटा आणि बेल्ह्याच्या मध्ये राजुरी आहे. तिथल्या एका तात्यांची या दिवसांत हटकून आठवण येते. सरकारी कचेरीत लेखापाल म्हणून नोकरी झाली, निवृत्त झाल्यावर गावी परतले आणि गावाच्या वह्या त्यांनी आपणहून मांडीवर घेतल्या. त्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पावतीवर देणाऱ्याचं नाव ठळक हवं, घेणाऱ्याची सही बारीक असली तरी चालते, असं ते म्हणत.

यात्रेनंतर आठवड्याच्या आत ते देवळात जमाखर्च वाचत. लाल कापडी बांधणीची वही, शेजारी तारेत ओवलेली बिलं. मोलमजुरी करणाऱ्या बाईची एक्कावन्न रुपयांची वर्गणी आणि बागायतदाराची हजारांतली देणगी एकाच आवाजात वाचली जाई. उरलेले नारळ विकून आलेले पैसे जमेला, आचाऱ्याच्या चहाचे पैसे खर्चाला. शेवटी शिल्लक सांगून ते चष्मा काढत आणि म्हणत, “आता विचारा.” कुणी काही विचारलं नाही तर ते खट्टू होत. लोकांचं लक्ष नाही असं त्यांना वाटे.

एकदा एका पोरानं जनरेटरच्या डिझेलचा खर्च सांगितला, पण पावती नव्हती. तात्यांनी त्याला आदल्या रात्री घरी बोलावलं, चहा दिला, त्याच्याकडून साध्या कागदावर खर्चाचा तपशील लिहून घेतला आणि दोन पंचांच्या सह्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी देवळात ती नोंद इतर नोंदींसारखीच वाचली गेली. चूक चार भिंतींत सांगायची आणि आकडा चारचौघांत, ही त्यांची रीत. तो पोरगा पुढच्या वर्षी प्रत्येक पावती जपून घेऊन आला.

आपल्याकडे हिशेब मागितला की माणूस दुखावतो. “माझ्यावर विश्वास नाही का?” हा प्रश्न दूध संस्थेत ऐकू येतो, बचत गटात, पतसंस्थेत आणि सप्ताहाच्या कमिटीतही. या एका वाक्यानं किती गावांतला पैसा बुडाला असेल! तात्या उलट म्हणत, की विश्वास आहे म्हणूनच लोकांनी पैसे दिले; आता त्यांना त्याचा आकडा कळला पाहिजे. राजुरीहून पूर्वेला थोडं गेलं की पारनेर तालुका लागतो. त्याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंनी माहितीच्या अधिकारासाठी उपोषणं केली. राज्याचा कायदा आला, मग २००५ मध्ये देशाचा. सरकारकडून हिशेब मागण्याचा हक्क आपण असा झगडून मिळवला. आपल्याच देवळाच्या पंचांकडे तो मागताना मात्र आपली जीभ अडखळते.

एकनाथ महाराजांची कथा आपण कीर्तनात ऐकतो. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना एका पैच्या चुकीसाठी त्यांनी रात्र जागवली, चूक सापडताच आनंदानं टाळी वाजवली. स्वामींनी त्यांना हीच एकाग्रता ईश्वराकडे वळवायला सांगितलं. बहुतेक कीर्तनकार तिथून पुढं परमार्थाकडे जातात. मला मात्र ती रात्र फार मोलाची वाटते. ती पै दुसऱ्याची होती, आणि तिच्यासाठी जागणाऱ्यालाच स्वामींनी पुढचं मागितलं.

तात्यांचं खरं मोठेपण मला त्यांच्या घरात दिसलं. धाकट्या भावाच्या मुलांची फी त्यांनी भरली, बहिणीचं आजारपण काढलं, विहिरीच्या कर्जाचे हप्ते आपल्या पगारातून फेडले. पुढं जमिनीची वाटणी निघाली. वाटणीत घरोघरी तीस वर्षांपूर्वीची उणीदुणी निघतात, कुणी कुणासाठी काय केलं याची यादी वाचली जाते. गावाचा रुपयान् रुपया तोंडपाठ असलेला हा माणूस त्या दिवशी गप्प बसला आणि वाट्याला आलेला मुरमाड तुकडा घेऊन उठला. त्यांच्या पत्नीनं नंतर विचारलं, तेव्हा “घरचं मी लिहून ठेवलं नव्हतं,” एवढंच ते म्हणाले.

आज आपण बहुतेक जण नेमकं उलट करतो. भावाला दिलेलं आपल्या पक्कं लक्षात राहतं आणि मंडळाच्या पैशाबाबत “बघू नंतर” म्हणतो. तात्या गेल्यावर त्यांच्या वह्या पुढं चालवणारं माणूस गावाला लवकर मिळालं नाही. तरुणांना हिशेब येतो, मोबाइलवर तर चटकन येतो. चारचौघांत उभं राहून प्रश्न ऐकून घेण्याची तयारी कमी पडते.

बँकेतून, जिल्हा परिषदेतून, साखर कारखान्यातून निवृत्त होऊन गावी आलेल्या मंडळींना माझी विनंती आहे. आठवड्यातला एक तास आपल्या गावच्या एका वहीला द्या. आणि बाकीच्यांनी यंदाच्या यात्रेनंतर पंचांना जमाखर्च देवळात मोठ्यानं वाचायला सांगा, तो संपेपर्यंत बसा आणि निदान एक प्रश्न विचारा.