कात्री लावण्यापूर्वी

शास्त्रभाग : योहान १५ : १-८, फिलिप्पैकरांस १ : ९-१०



प्रभू येशूने आपल्या स्वर्गीय पित्यास माळी म्हटले आहे. यहूदी देशातील श्रोत्यांस ह्या दृष्टान्ताचा अर्थ फोडून सांगावा लागला नसेल. तिकडे हिवाळ्यात द्राक्षवेल झोपी जाई, आणि तेव्हाच त्याची मुख्य छाटणी होई. आपल्या उष्ण हवेत वेल पुरता झोपत नाही. म्हणून दिंडोरी-निफाडकडे आपण त्यास वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांचे हात ह्या कामात रुळलेले आहेत. कित्येकांचे तर पोटच कात्रीवर आहे. तेव्हा वेलीविषयी आम्ही तुम्हांस काय शिकवावे? आज आम्ही शिकवावयास नव्हे, तर आमची एक चूक पदरी घेऊन बोलावयास उभे आहो.

आमच्या मंडळीत एक गृहस्थ आहेत. वीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या बागा छाटल्या, आणि अलीकडे एक एकर बाग खंडाने घेतली. त्यांच्या मुलाने बारावी होताच कृषी महाविद्यालयात जाऊन द्राक्षशेती शिकण्याचा हट्ट धरिला. वडील त्यास घेऊन आमच्याकडे आले व म्हणाले, “पाळकसाहेब, ह्याला तुम्हीच समजवा. वीस वर्षं कात्री माझ्या हातात आहे. जे मी बांधावर शिकवीन, ते शिकायला चार वर्षं अन् एवढा पैसा कशाला?” आम्ही विचार न करिता वडिलांची बाजू घेतली. विद्येने गर्व चढतो, बापाच्या हाताखाली राहणे हेच आज्ञापालन, असे आम्ही त्या मुलास सांगितले. आणि वर देवाचे नावही घेतले. मुलगा खाली मान घालून ऐकत राहिला. पुढे त्याच्या आईने आपल्या कानांतले विकले, आणि तो गेला. त्या दिवसापासून बापलेकांचे बोलणे तुटले.

सन २०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अवकाळी पावसाने कसा कहर केला हे तुम्हांस ठाऊकच आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात मुलगा सुटीवर घरी आला. बागेत जाऊन त्याने निरनिराळ्या वेलींच्या काड्या कापल्या, त्यांवर खुणा केल्या, व ओल्या फडक्यात गुंडाळून तपासणीसाठी घेऊन गेला. परत आला तो वडिलांस म्हणाला, “दादा, औंदा चौथ्या डोळ्यावर कात्री लावू नका.”

त्याने जे सांगितले ते आम्हीही जवळ बसून ऐकिले, आणि तेच आज तुम्हांस सांगतो. ऑक्टोबरात जो घड दिसतो, तो ऑक्टोबरात निर्माण होत नाही. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या सुमारास, नव्या काडीवरील डोळ्याच्या आत त्याची घडण होते. त्या वेळी डोळ्यात एक अतिसूक्ष्म अंकुर असतो. त्यास ऊन व पोषण मिळाले तर त्याचा घड होतो. आभाळ झाकलेले राहिले, पानांची दाटी झाली, तर त्याच अंकुराची नुसती बाळी होते. घड आणि बाळी ह्यांचा आरंभ एकच! बाहेरून डोळा पाहिला तर दोहोंत भेद दिसत नाही. म्हणून महाविद्यालयात डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहावयास शिकवितात. कितव्या डोळ्यात घड आहे हे त्यावरून कळते, आणि मग काडी कोठे तोडावी हे ठरते. त्या बागेत मेच्या पावसामुळे खालचे डोळे बहुतेक वांझ होते. घड होता तो सहाव्या-सातव्या डोळ्यात.

बंधूंनो, विचार करा. वडील नेहमीप्रमाणे चौथ्या डोळ्यावर छाटते, तर हात सराईत, कात्री धारदार, मनात बागेविषयी माया. आणि एवढे असूनही आपले फळ त्यांनी आपल्याच हाताने कापून बांधावर टाकिले असते. वडील बराच वेळ गप्प राहिले. मग कात्री उचलून म्हणाले, “दाखव कुठं लावू.” मुलाने बोट ठेवावे व बापाने कापावे, अशी ती एकर बाग छाटली गेली. पंधरावीस दिवसांनी फूट निघाली. सगळ्या फुटींवर घड नव्हते. पीक नेहमीसारखे येणार नाही हे उघड होते, आणि डोक्यावरचे कर्जही जागच्या जागी होते. परंतु बाग रिकामी राहिली नाही. आणि त्या घरात बोलणे सुरू झाले.

ह्यावरून आम्ही तीन गोष्टी शिकलो.

पहिली, आपला स्वर्गीय माळी आंधळेपणाने कात्री चालवीत नाही. फळ देणाऱ्या फाट्यासही तो छाटतो असे प्रभूने सांगितले. आणि तेथील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ स्वच्छ करणे असाही होतो. कोणाचे मूल गेले, कोणाची जमीन गेली, कोणास भाऊबंदांनी टाकिले. छाटलेल्या वेलीचे पाणी गळते, तसे डोळे गळतात. तरी आपल्यातील घड कोणत्या डोळ्यात आहे हे जाणणाऱ्याच्याच हाती आपण आहो. छाटला गेलेला फाटा टाकून दिलेला नव्हे.

दुसरी, फळाचा निर्णय झाकलेल्या दिवसांत होतो. उपदेशक बंधूंनो, नाताळाच्या उपासनेत जे दिसावयाचे ते उन्हाळ्यातील त्या पहाटे ठरते, जेव्हा तुम्हांस कोणी पाहत नाही आणि शास्त्र उघडावयाचा कंटाळा येतो. प्रकाशात राहिलात तर घड. नाहीतर आधार धरून लोंबकळणारी बाळी.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत बोचते. प्रीती ज्ञानाने व विवेकाने वाढत जावी अशी प्रार्थना पौलाने फिलिप्पै येथील मंडळीसाठी केली. आमच्या प्रीतीत ते ज्ञान नव्हते. पंचमंडळी कोणास मंडळीबाहेर काढते, बाप मुलीची शाळा बंद करितो, पाळक तरुणाची उमेद एका वाक्यात तोडतो, तेव्हा त्या काडीत काय आहे हे आपण आधी पाहिले आहे काय? त्या तरुणापाशी आम्ही दहा मिनिटे बसलो असतो, तरी पुरे होते.

ह्या येशूदासाने त्या घरी जाऊन मुलाची क्षमा मागितली. मुलगा संकोचून म्हणाला, “साहेब, प्रार्थना करा, परीक्षा जवळ आली.” आम्ही गुडघे टेकिले.

ज्यांच्या घरी शिकू इच्छिणारे लेकरू आहे, त्यांनी नाही म्हणण्यापूर्वी एक रात्र प्रार्थनेत घालवावी आणि सकाळी त्या लेकराचे पुरते ऐकून घ्यावे. आणि ज्या मंडळीस शक्य आहे, तिने त्याच्या फीसाठी पेटीत काही टाकावे. कोणा मातेस कानांतले विकावे लागू नये.

प्रभू आपल्या कात्रीस डोळे देवो. आमेन.