प्रतिपक्षाचा मान

हार्वर्ड आणि येल या जुन्या अमेरिकन विद्यापीठांमधील फुटबॉलची चुरस १८७५ सालापासूनची. (हा चेंडू हाती धरून धावण्याचा फुटबॉल; आपल्याकडचा नव्हे.) प्रतिपक्ष मैदानात उतरलाच नाही तर विजयाला अर्थ उरत नाही, हे तेथील विद्यार्थी जाणतात. व्याख्यानगृहात मात्र त्यांना त्याचा विसर पडतो. १९७४ साली येलमध्ये विल्यम शॉकली यांना आरडाओरडा करून बोलूच दिले नाही. कृष्णवर्णीयांची बुद्धी उपजतच उणी, हे त्यांचे मत आम्हांस तिरस्करणीय वाटते. पण न ऐकलेले मत खोडायचे कसे? इतिहासकार वुडवर्ड यांच्या समितीने पुढे बोलणाऱ्याचा हक्कच उचलून धरला. तो आम्हांस मान्य आहे. मात्र ऐकण्याची किंमत सभागृहातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यानेच का मोजावी, याचे उत्तर आम्हांस त्यात सापडत नाही.