शिपायांनी काय करावे?

कल्याणहून बदलापुरास जाताना वाटेत उल्हासनगर व अंबरनाथ लागतात. दुसऱ्या महायुद्धात उल्हासनगरच्या जागी सैन्याची छावणी होती. 1947 नंतर तिच्या बराकींत सिंधमधील निर्वासितांस आसरा मिळाला, आणि 1949 साली वस्तीस आजचे नाव मिळाले. अंबरनाथेस शस्त्रास्त्रांचा कारखाना आहे. या मुलखातील आमच्या तरुणांपुढे हा प्रश्न येतोच की, हाती शस्त्र घेणाऱ्यास नीतीने चालता येते काय?

हाच प्रश्न शिपायांनी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानास केला होता. त्याचे उत्तर लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. चाकरी सोडा, असे तो म्हणाला नाही. जुलमाने वा खोटा आळ घेऊन कोणाचे काही घेऊ नये, आणि आपल्या पगारात तृप्त असावे, असे त्याने सांगितले. या दोन गोष्टी त्याने जोडून का सांगितल्या, हे आमच्याच देशाच्या इतिहासावरून उमजते.

शिवाजी महाराजांनी 1657 साली कल्याण व भिवंडी घेतली. त्यांच्या घोडदळात 25 बारगिरांवर एक हवालदार व 5 हवालदारांवर एक जुमलेदार असे. बारगिरास घोडा सरकारातून मिळे. चाकरीबद्दल जमीन तोडून न देता रोख पगार द्यावा, असा महाराजांचा कटाक्ष होता. स्वारीत स्त्रियांस व मुलांस धरू नये, लूट सरकारात जमा करावी, असा सक्त नियम होता. राज्याभिषेकाच्या (1674) सुमारास चिपळुणाजवळील छावणीच्या अंमलदारांस त्यांनी लिहिले की, खजिन्यातून तुमच्या पदरी पैसा घातला आहे. दाणा, गवत, भाजी जे लागेल ते विकत घ्यावे, कुणब्यास उपद्रव देऊ नये. आधी पगार पदरी घातला, मग हात आवरण्याची आज्ञा केली, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

पुढे मोगलांशी झुंजता झुंजता खजिना रिता झाला. राजारामांच्या काळी सरदारांस मुलूख तोडून देणे भाग पडले. मग ज्याची जमीन त्याची फौज, असे होऊ लागले. 1707 साली शाहू सुटून आले, तेव्हा खेड येथे मराठ्यांच्याच दोन फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या. या कलहास इतरही कारणे होती. तथापि ज्याचे चित्त धन्याच्या कार्यावरून आपल्या वतनावर गेले, त्याची निष्ठा डळमळते, हे खरे.

कोणी म्हणेल, पगारच अपुरा असेल तर? आम्ही म्हणतो, चाकरास उपाशी ठेवणारा धनी त्याच्या पापाचा वाटेकरी होतो. परंतु त्या गरीब शेतकऱ्याने तर शिपायाचा पगार अडविलेला नसतो. मग त्याची भाकर का हिसकावावी? गाऱ्हाणे धन्याकडे न्यावे, दुबळ्याच्या दारी नव्हे.

बंधूंनो, हे केवळ शिपायांसाठी नाही. तलाठी, पोलीस, मुकादम, आणि आम्ही उपदेशकसुद्धा, अधिकाराचे शस्त्र बाळगतो. मंडळीने आपल्या सेवकाचे वेतन वेळेवर द्यावे, व सेवकाने कोणा विधवेच्या कोंबडीकडे डोळा ठेवू नये. या दोहोंपैकी एकच पाळून भागणार नाही.