सब्र आणि गवाही

मांडीचं हाड मोडल्यामुळे अम्मी इस्पितळात होती. चौथ्या दिवशी तिला भोवळ आली आणि रक्ताची उलटी झाली. दुर्बिणीतून पाहिल्यावर जठरात व्रण सापडला. दोन दिवस काळी शौच होत होती, पण ती कुणालाच बोलली नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "ऐसी बातां मर्द डॉक्टर को बोलते क्या? सब्र करी मैं."

वेदनाशामक गोळ्यांनी दुखणं कमी होतं, पण त्याच गोळ्यांमुळे जठराच्या अस्तराचं रक्षण करणारी द्रव्यंही घटतात. अस्तराला जखम होऊन रक्त झिरपतं, पचनात काळं पडतं आणि डांबरासारखं बाहेर येतं. शरीराने दिलेला हा इशाराच असतो. अम्मीने तो लाजेपोटी झाकला आणि लाजेला सब्र हे नाव दिलं.

मग सब्र म्हणजे नेमकं काय? हजरत याकूब आपलं दुःख फक्त अल्लाहपुढे मांडत, असं कुरआन सांगतं. अम्मीने तेच केलं, असं कुणी म्हणेल. पण याकूबांचं दुःख पुत्रवियोगाचं होतं. माणसांच्या हाती त्यावर इलाज नव्हता. जिथे इलाज आहे तिथे बोलणं ही शिकायत नसून गवाही असते, आणि गवाही लपवू नका, हेही कुरआनच सांगतं. त्या आयतीचा संदर्भ देण्याघेण्याच्या व्यवहाराचा आहे, हे मी जाणतो. पण शरीरही आपल्याकडे अमानतच आहे ना?

पूर्वी जठरव्रणाचं खापर काळजीवर आणि तिखटावर फोडलं जाई. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागचा जंतू शोधला. २००५ साली त्यांना नोबेल मिळालं. कित्येकांनी नशीब म्हणून सोसलेला आजार औषधांनी बरा होऊ लागला. जे टळू शकतं ते सोसत राहण्यात कसलं पुण्य?

दोष मात्र एकट्या अम्मीचा नाही. वॉर्डात दहा जणांसमोर "शौचाला झाली का?" असं विचारलं, तर कोणती बाई खरं सांगेल? आणि मी? रोज संध्याकाळी खाटेशी उभा राहून विचारायचो, "बरं आहे ना?" या प्रश्नाला आपल्या घरांत एकच उत्तर असतं: "अल्हमदुलिल्लाह." ते ऐकून मी निश्चिंत घरी जायचो.

तिने गवाही लपवली, हे खरं. पण गवाही देता येईल असा प्रश्न मी तिला विचारलाच कधी होता?